मोटेचा तवा आणि महादेवप्पांचा हात

“बाई, ह्याला उपाशी ठेवू नका. रोज चुलीवर चढवा, रोज तेलाचं बोट फिरवा. लोखंड बसून राहिलं की सोताच सोताला खाया लागतंय. ध्यानात ठेवा!”

चाकूरच्या बाजारात दगडोबा लोहारानं पार्वतम्मांना हे बजावलं, तेव्हा माझं अंग भट्टीच्या धगीनं अजून कोमट होतं. पार्वतम्मांनी पदर सावरला, मला दोन्ही हातांनी घेतलं आणि हळूच म्हणाल्या, “हाव दादा, ठेवीन ध्यानात.” त्या कधीच मोठ्यानं बोलत नाहीत. पण एकदा बोलल्या की ते पाळतात.

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी तवा आहे. रंगानं काळा, कडेला एका जागी चेपलेला. दिसायला काही खास नाही; पण माझ्यावर पडलेली ज्वारीची भाकरी अशी टम्म फुगते की बघणाऱ्याला उगाच हसू यावं. माझ्या आयुष्यात मी पाणी ओढलं, भाकरी भाजली, आरोपी होऊन गोठ्यात राहिलो आणि एकदा तर पिशवीत बसून लातूरच्या दवाखान्यातही जाऊन आलो. तव्याच्या जातीत इतका प्रवास कुणी केला असेल, असं मला वाटत नाही.

माझा पहिला जन्म पाण्यातला. चाकूरपासून दोन कोसांवर महादेवप्पांचं, म्हणजे पार्वतम्मांच्या मालकांचं, गाव. त्यांच्या विहिरीवर लोखंडी मोट होती. ती मोट म्हणजेच मी. बैल उतरणीला लागले की मी भरून वर यायचो आणि थारोळ्यात धो धो रिता व्हायचो. पाटाचं पाणी उसाकडे पळायचं आणि मी पुन्हा खाली. दिवसभर हेच. फार सुखाचे दिवस होते ते.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरीचा तळ उघडा पडला. मला खाली सोडलं की पाण्याऐवजी दगड वाजायचा. बैल छावणीत गेले, घरातली धडधाकट माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. एक दिवस महादेवप्पांनी मला खांद्यावर घेतलं आणि दगडोबाच्या भट्टीपुढं आणून टाकलं. “पाणी तर देईना झाली,” ते म्हणाले, “निदान भाकरी तरी देऊ दे.”

दगडोबानं मला कापलं. खरं सांगतो, दुखलं. पण त्या एका मोटेतून दोन तवे निघाले. एक मी आणि दुसरा माझा जुळा भाऊ. महादेवप्पांची धाकटी बहीण शांतम्मा कंधारला दिलेली. दुष्काळात बहिणीला लुगडं कुठून घेणार? त्यांनी तिला माझा भाऊच भेट दिला. “माहेरच्या विहिरीचा तवा हाय,” ती म्हणायची आणि शेजारणींना कौतुकानं दाखवायची.

माझ्यावरची पहिली भाकरी तांबड्या मिलोची होती. दुष्काळात बाहेरून आलेली ती ज्वारी. थापताना तुटायची, भाजताना चिरायची. पार्वतम्मा तिच्या चिरा ओल्या बोटानं सांधायच्या आणि ओठातल्या ओठात “नमः शिवाय” म्हणायच्या. पुढं पाऊस परतला, घरची पांढरीशुभ्र ज्वारी आली. भाकऱ्या झाल्या की त्या माझ्यावरच अंबाडीची आंबट भाजी परतायच्या. आंबटाच्या निमित्तानं माझ्या अंगातलं कणभर लोखंड रोज भाजीत उतरायचं आणि घरच्यांच्या रक्तात जायचं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला फक्त एवढं ठाऊक होतं की सगळं आवरलं की एक तेलाचं बोट माझ्या पाठीवरून फिरतं. चौदा वर्षांत एक दिवस चुकला नाही.

वर्षातून एकच दिवस मला सुट्टी असायची, नागपंचमीची. त्या दिवशी आमच्याकडे तवा चुलीवर ठेवत नाहीत, काही चिरत नाहीत, कापत नाहीत. उकडलेली पुरणाची दिंडं करतात. खुंटीवर टांगलेला मी घरातली गंमत बघत असायचो. पण एका नागपंचमीला ती सुट्टी इतकी लांबली की मला वाटलं, आता कायमचीच.

त्याआधी महादेवप्पांच्या हाताचं सांगायला हवं. लातूर वेगळा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, आणि पाऊस पुन्हा रुसला होता. त्याच सुमाराला महादेवप्पांचा डावा हात थरथरायला लागला. अंगठा आणि बोट आपली आपण फिरायची, चिमटीत विभूती चोळल्यासारखी. ते हसून म्हणायचे, “मी न्हाई हलवून राहिलो. देवच माझ्या हातानं विभूती चोळून घेतोय.” उदगीरच्या डॉक्टरांनी कंपवात आहे असं सांगून गोळ्या दिल्या. त्या ते आठवण आली की घ्यायचे, आणि आठवण कधीतरीच यायची.

हसणं वरवरचं होतं. लिंगायत माणूस रोज आपल्या गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतो. ज्या दिवशी महादेवप्पांच्या तळहातावरचं लिंग घसरलं आणि पार्वतम्मांनी ते पदरात झेललं, त्या दिवसापासून त्यांनी ते हातावर घेणं बंद केलं. नुसता गळ्याशी हात नेऊन नमस्कार करायचे आणि उठायचे.  त्या दिवशी पार्वतम्मांच्या हातून माझ्यावरची पहिली भाकरी करपली. इतक्या वर्षांत प्रथमच.

तर ती नागपंचमी. शांतम्मा माहेरपणाला आली होती. तिच्या नवऱ्याला, सिद्रामप्पांनाही, तोच आजार जडला होता. त्यामुळे नणंद-भावजय दिंडं वळता वळता एकमेकींची तकलीफ सांगत बसल्या होत्या. तेवढ्यात रेवणप्पा दारातून ओरडतच आले. रेवणप्पा म्हणजे महादेवप्पांचे धाकटे भाऊ. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत शिपाई होते. जिल्हा झाल्यापासून त्यांची अशी समजूत झाली होती की जगातली प्रत्येक बातमी आधी लातूरला उतरते आणि मग पुढं जाते.

“वैनी, खबर हाय! दादाच्या बिमारीची जड सापडली!”

“आधी पाय धुवा,” पार्वतम्मा म्हणाल्या.

“धुतो हो! ऐका तर. चहाच्या टपरीवर एक शिकलेला माणूस मासिक वाचून राहिला होता. विलायतेतल्या डॉक्टरांनी कंपवाताच्या माणसांचे मेंदू तपासले. मेल्यावर बरं का, जित्तेपणी न्हाई. तर काय सापडलं? लोखंड! मेंदूत लोखंड जादा झालेलं!”

“मंग माझ्या डोक्याला चुंबक लावून बघ की,” महादेवप्पा म्हणाले. “चिकटलं तर खरं.”

“दादा, तू थट्टा कर. पन वैनी, तुमीच सांगा, हे लोखंड जातंय कुठून?”

 हळूहळू सगळ्यांच्या नजरा वर वळल्या. खुंटीवर मी होतो.

मित्रांनो, इतकी वर्षं मी कुणाचं वाईट केलं नव्हतं. तरी त्या क्षणी मला वाटलं, असेलही. मीच केलं असेल.

“अगं बाई,” शांतम्मा म्हणाली, “आमच्या घरी बी तोच तवा! एकाच मोटेचा!” झालं. आता तर पुरावाच मिळाला.

पार्वतम्मा उठल्या. हात धुतले, कपाळी भस्म लावलं आणि देवापुढं उभ्या राहिल्या. “महादेवा, जोवर मालकांच्या तळहातावर लिंग बसत न्हाई, तोवर ह्या घरात लोखंडाला हात लावणार न्हाई. एकभुक्त राहीन. हापशाचं पाणी बी पिणार न्हाई.” गावातल्या नव्या हापशाचं पाणी जरा लालसर यायचं आणि भांड्याला तांबूस थर बसायचा, म्हणून तेही संशयात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी शांतम्मा कंधारला जाताना उंबऱ्यात थांबली. “वैनी, मी बी घरात गेल्या गेल्या सगळं लोखंड काढते. तुमी सांगितलं म्हंजे विचार करायचं कामच न्हाई.”

“हाव, काढा वन्सं,” पार्वतम्मा म्हणाल्या. त्यांच्या तोंडून गेलेला तो एक शब्द. तो किती दूर जाणार आहे, हे त्यांना कुठं माहीत होतं?

मग घरातलं लोखंड निघालं. विळी निघाली, अडकित्ता निघाला, खलबत्ता निघाला. महादेवप्पांचा लोखंडी पलंग अंगणात गेला आणि ते सतरंजीवर आले. “आता दाराच्या कड्या काढा,” ते म्हणाले, “आन् बैलाच्या नाला बी काढा, तेवढाच त्याला आराम.” माझ्या जागी जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, चकचकीत तवा आला. मला पार्वतम्मांनी धुतलं, पुसलं आणि गोठ्याच्या भिंतीवर एका खुंटीला टांगलं. जाताना त्यांचं बोट सवयीनं माझ्याकडे आलं. पण तेल नव्हतं आणि शपथ होती. त्यांनी बोट मागं घेतलं.

गोठ्यात दिवस मोजण्यासारखं काही नव्हतं. बैल होता, गाय होती, तिचं वासरू होतं आणि एक चिमणी होती, जी मला घरटं समजून दोनदा फसली. हळूहळू माझ्या कडेला तांबूस ठिपके उमटले. दगडोबाचं बोलणं खरं ठरत होतं. मी स्वतःच स्वतःला खात होतो.

महादेवप्पा रोज संध्याकाळी गाईशी बोलायला यायचे आणि माझ्याशीही बोलून जायचे. “काय गुन्हेगारा, जमतंय का?” असं विचारायचे. मग दबक्या आवाजात, “तुझ्यावाचून भाकरीची चवच गेली बघ. त्या जर्मनच्या तव्यावर एका बाजूनं कच्ची, दुसऱ्या बाजूनं कोळसा. पन बोलायची सोय हाय का? ती माझ्यापायी एक वेळ जेवून राहिली.” 

हात सुधारला नाही. उलट आता त्यांचे पायही उंबऱ्याशी अडायला लागले. दारात आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. डोकं म्हणायचं चल, पाय म्हणायचे न्हाई.

आणि पार्वतम्मा वाळत चालल्या होत्या. हापसा दाराशी असून त्या कोसभर लांबच्या विहिरीवरून पाणी आणायच्या. दुष्काळात ती एकच विहीर बुडापर्यंत गेली नव्हती. एक वेळचं जेवण, तेही अंबाडीशिवाय, गुळाशिवाय. कारण रेवणप्पांनी नंतर येऊन सांगितलं होतं की गुळात आणि पालेभाजीतही लोखंड असतं. ओठ पांढरे पडले, दम लागायला लागला. पण पहाटेचं स्नान, एकशे आठ बेलपानं, सोमवारचा उपास, काही चुकलं नाही.

माघातली एक सकाळ. पार्वतम्मा घागर घेऊन अंगणात आल्या आणि गोठ्यापुढं पोहोचल्या न पोहोचल्या तोच त्यांचे पाय लटपटले. घागर सुटली. त्या खाली बसल्या, मग आडव्या झाल्या. कोसभरावरून आणलेलं सगळं पाणी मातीत जिरलं.

महादेवप्पा गोठ्यातच होते. त्यांनी बघितलं. “पार्वते!” ते ओरडले आणि निघाले. आणि गोठ्याच्या उंबऱ्यात त्यांचे पाय अडले.

मित्रांनो, मी आयुष्यात दुष्काळ पाहिले, भट्टी पाहिली. पण त्या पाच पावलांइतकं लांब अंतर पाहिलं नाही. समोर बायको निपचित पडलेली आणि ह्यांचे पाय रुतलेले. ते आपल्या मांडीवर मुठी मारत होते. “चल की रं, चल की!” घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांचा तोल जायला लागला, आधारासाठी हात भिंतीवर गेला, खुंटी निखळली आणि मी दगडी फरशीवर पडलो.

टण्ण!

पडलो तो सरळ नाही. कडेवर उभा राहून गोल गोल फिरत राहिलो. टण, टण, टण, टण. आणि काय नवल, माझ्या आवाजाबरोबर महादेवप्पांचा एक पाय उचलला गेला. मग दुसरा. टण, पाऊल. टण, पाऊल. माझं फिरणं थांबेपर्यंत ते पार्वतम्मांपाशी पोहोचले होते आणि त्यांचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं होतं.

पार्वतम्मांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न केला, “घागर फुटली का?”

“तांब्याची घागर कुठं फुटतीय का? चेमटली. आन् तू गप पड!” महादेवप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

दुपारी रेवणप्पांना निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी तिघं लातूरला निघाले. निघताना महादेवप्पांनी मला पिशवीत घातलं.

“दादा, दवाखान्यात तवा कामून?” रेवणप्पांनी विचारलं.

“तूच म्हणतूस ना, लातूरला आता सगळं तपासतात? मंग ह्याला बी तपासू दे. गुन्हेगार हाय का साक्षीदार, एकदाचं कळू दे.”

डॉक्टर तारामतीबाईंचा दवाखाना लहानसा होता. त्यांनी पार्वतम्मांची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली, बोटातून थेंबभर रक्त काढून तपासलं. मग विचारलं, “आई, जेवता काय?”  महादेवप्पांनी सगळं सांगितलं. नागपंचमी, मासिक, व्रत, हापसा, कोसभराची विहीर. आणि शेवटी मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं.

“हा तो आरोपी.”

डॉक्टरबाई माझ्याकडे बघून इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

“रेवणप्पा, तुम्ही खोटं सांगितलं नाही. अर्धं सांगितलं. मेंदूच्या आत खोलवर एक काळसर पट्टा असतो. तो प्रत्येकाला असतो. हाता-पायांना नीट हालण्याचा निरोप देणारं रसायन तिथं तयार होतं. ते तयार करायलाच लोखंड लागतं. कंपवातात तिथल्या पेशी हळूहळू कमी होतात, आणि त्याच जागी लोखंड जास्त साठलेलं दिसतं. हे खरं आहे.”

“मंग?” रेवणप्पा जरा ताठ बसले.

“निरोगी मेंदू आपलं लोखंड डब्यात झाकून ठेवल्यासारखं ठेवतो. सुटं राहिलं की ते आजूबाजूला बाधतं. हा गंज बघा.” त्यांनी माझ्या कडेवर बोट ठेवलं. “तेल लावून ठेवलेलं लोखंड काम करतं, उघडं पडलेलं खायला उठतं. तसंच काहीसं. पण ते तिथं का साठतं, आजारानं साठतं की साठल्यामुळे आजार होतो, हे अजून मोठमोठ्या डॉक्टरांनाही पक्कं माहीत नाही. जळालेल्या घरात राख सापडली म्हणून राखेनंच आग लावली, असं म्हणाल का?”

महादेवप्पांनी मान हलवली. “पन भाकरीतून?”

“भाकरीतलं लोखंड काही चालत जाऊन त्या पट्ट्यात बसत नाही. शरीर हवं तेवढंच घेतं आणि मेंदूच्या दारावर तर आणखी कडक पहारा असतो. तुमच्या तव्याचा ह्यात काही दोष नाही. दोष झालाय तो ह्यांच्या रक्ताला. आई, तुमचं रक्त अर्ध्यावर आलंय. लोखंडाची खरी गरज तुम्हाला आहे.”

त्यांनी पार्वतम्मांना लोखंडाच्या गोळ्या लिहून दिल्या. महादेवप्पांना म्हणाल्या, “ह्या गोळ्या त्यांच्या. तुमच्या गोळ्यांबरोबर त्यांचं जमत नाही, म्हणून एका डबीत ठेवू नका. आणि तुमच्या गोळ्या आठवण आल्यावर नाही, घड्याळावर घ्यायच्या. जेवणाच्या आधी. त्यानं आजार जाणार नाही, पण हात-पाय तुमचं ऐकतील. आणि रोज चाला. बसून राहू नका.”

मला दगडोबाची आठवण झाली. तोही असंच बोलायचा.

सगळं ऐकून पार्वतम्मा हळूच म्हणाल्या, “पन बाई, मी तर महादेवापुढं बोलले. व्रत कसं मोडू?”

 उत्तर महादेवप्पांनी दिलं. “अगं, देवाला तू चुकीची खबर दिली होतीस. आता खरी दे. त्याला बी बरं वाटंल.”

पार्वतम्मा हसल्या. मी त्यांना कित्येक महिन्यांनी हसताना पाहिलं. पण लगेच त्यांचा चेहरा उतरला. “बाई, मी हे आनखी एका घरी सांगितलंय. कंधारला. आमच्या नणंदेच्या.”

“मग तिथंही खरं सांगायला हवं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तिथंही कुणीतरी असंच वाळत असेल.”

“सांगते,” पार्वतम्मा म्हणाल्या. “अंगात चालायचं बळ आलं की मी सोता जाते. वचन देते.”

घरी आल्यावर त्यांनी मला राखेनं घासलं, गोवरीच्या धगीवर तापवलं आणि तेलाचं बोट फिरवलं. एकदा नाही, तीनदा. गंजाचे ठिपके गेले. पहिली भाकरी टाकली आणि ती फुगली. महादेवप्पा सोप्यातून वासावरच उठून आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पुन्हा अडले. पार्वतम्मांनी त्यांच्याकडे पाहिलं, उलथणं उचललं आणि माझ्या कडेवर हलकेच वाजवलं. टण. टण. त्यांचे पाय उचलले गेले.

“हे तुला कुणी सांगितलं?”

“त्या दिवशी मी पुरती बेशुद्ध नव्हते,” पार्वतम्मा म्हणाल्या. “ऐकत होते.”

गोळ्या घड्याळावर जायला लागल्या. गोळी लागू पडली की तासाभरानं महादेवप्पा पूजेला बसायचे. कोपराखाली उशी आणि तळहाताखाली पार्वतम्मांचा तळहात. पहिल्या दिवशी लिंग हातावर आलं, तेव्हा ते थोडं हललं. पार्वतम्मांनी दुसरा हात पुढं केला.

“हालू दे,” महादेवप्पा म्हणाले. “पाळण्यात बसलाय समज.”

ते पडलं नाही. रोज थोडं हलतं, पण पडत नाही. पार्वतम्मांनी देवाला खरी खबर दिली आणि नवं व्रत घेतलं. लोखंडाची गोळी, अंबाडीची भाजी आणि दोन वेळचं जेवण. इतकं गोड व्रत त्यांनी जन्मात केलं नव्हतं. मी रोज चुलीवर चढतो. हापशाचं पाणी पुन्हा घरात आलं. पलंगही अंगणातून आत आला, त्यात एका मांजरीनं पिल्लं घातली होती, एवढीच काय ती अडचण.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं भांडं असेल तर त्याला उपाशी ठेवू नका. रोज थोडी ऊब, रोज तेलाचं एक बोट, एवढंच आम्हाला लागतं. हात थरथरणाऱ्या माणसालाही फार वेगळं काही लागत नाही. वेळेवर औषध, रोज चार पावलं आणि ती टाकताना कुणीतरी सोबत. आणि ऐकलेली गोष्ट पुढं सांगण्याआधी ती पुरी ऐकून घ्या. अर्ध्या गोष्टीनं आमच्या घरातल्या बाईला अर्ध्या रक्तावर आणलं होतं.

आज सोमवार आहे. चैत्राची पहाट. पार्वतम्मांची पूजा झाली, भाकऱ्या झाल्या. त्यांनी मला निवू दिलं, तेलाचं बोट फिरवलं आणि कापडी पिशवीत घातलं. शेजारी उलथणं ठेवलं.

“तवा कामून?” महादेवप्पांनी विचारलं.

“माझ्या एका शब्दावर वन्संनी घर बदललं. आता नुसता शब्द पुरायचा न्हाई. त्यांच्या चुलीवर भाकरी भाजते, सिद्रामप्पा भाऊजींच्या शेजारी बसून खाते, मंग बोलते. आन् ह्याचा भाऊ बघायचाय. भंगारात गेला नसला म्हंजे मिळवलं. तुमी आजच्या दिवस जर्मनच्या तव्यावर भागवा.”

महादेवप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “तेवढं बोलू नको. मी बी येतो.”

“याल हो, पन मोटार थांबायची न्हाई.”

त्यांनी घड्याळ पाहिलं, गोळी घेतली, खिशात दुपारची गोळी ठेवली आणि कपाळावर भस्माची बोटं ओढली. पार्वतम्मांनी ओठातल्या ओठात काही म्हटलं आणि उंबरा ओलांडला. महादेवप्पा उंबऱ्यात आले आणि थांबले.

त्या मागं वळल्या नाहीत. पिशवी नुसती जरा जोरात हलवून चालायला लागल्या. प्रत्येक पावलाला उलथणं माझ्या अंगावर येत होतं. टण. टण. टण. मी कान देऊन होतो. थोडा वेळ एकाच जोडीची पावलं ऐकू आली. मग मागून दुसरी सुरू झाली, जरा ओढत, पण माझ्या तालावर. आणि आम्ही तिघं मोटारीच्या थांब्याकडे निघालो.